पौंडाच्या प्लेटा, किलोचा बार : तालमीतल्या सामानाची मापं कशी जुळवायची?

मंगळवारपेठ_तालीम

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या आमच्या तालमीच्या माडीवर पोरांसाठी छोटी व्यायामशाळा उभी करायलोय. खाली मातीचा हौदा आहे, जोर-बैठका, मुद्गल सगळं पूर्वीसारखं चालू आहे. त्यात काही बदलायचं नाही. वर मात्र बार, प्लेटा, एक मल्टिजिम आणि एक ट्रेडमिल आलंय. वर्गणीच्या पैशांत सगळं नवं घेणं जमण्यासारखं नव्हतं. पुण्यातली एक जिम बंद होत होती, तिथून निम्मं सामान आणलं आणि उरलेलं इथल्याच एका दुकानातून घेतलं.

अडचण अशी की पुण्याच्या प्लेटांवर ४५, ३५, २५, १०, ५ असे आकडे आहेत आणि खाली बारीक अक्षरांत एलबी, म्हणजे पौंड. इथल्या प्लेटा २०, १५, १०, ५ किलोच्या. १० आणि ५ दोन्हीकडे आहेत आणि सगळ्यांचा रंग काळाच. पोरं घाईत असली की एका बाजूला किलोची आणि दुसऱ्या बाजूला पौंडाची चढवतात. त्यातले दोघं पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेला जाणार आहेत. मल्टिजिमचे काही बोल्ट वाटेत हरवले, बाजारातले नवे नीट बसत नाहीत. ट्रेडमिल वेग कशात दाखवतंय ते कुणालाच सांगता येत नाही.

ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांनी सविस्तर लिहा. २.२ ने भागा एवढं आम्हाला येतं.

लोखंड_विजापूररोड

मालक, आधी धोक्याचं बोलू. १० पौंड म्हणजे ४.५४ किलो. एका बाजूला १० किलो आणि दुसऱ्या बाजूला १० पौंड लागले तर साडेपाच किलोचा फरक पडतो. बेंच प्रेसला बार छातीवर असताना तो एका अंगाला कलला आणि क्लिप लावलेली नसली तर प्लेटा सरकून खाली येतात, मग हलकी झालेली बाजू वर उडते. आजच्या आज पौंडाच्या १० आणि ५ च्या प्लेटा त्या रॅकवरून काढा. ४५ आणि ३५ चा घोळ होत नाही, कारण किलोत ते आकडे येतच नाहीत. २५ मात्र दोन्हींत येतो. २५ पौंड म्हणजे ११.३४ किलो आणि २५ किलो म्हणजे ५५ पौंड. पुढेमागे २५ किलोच्या प्लेटा घेतल्या तर हे ध्यानात असू द्या.

दुसरी गोष्ट मी रोज ऐकतो, "४५ पौंड आणि २० किलो एकच." एकच नाही. ४५ पौंड म्हणजे २०.४१ किलो. परदेशी व्हिडिओत ज्याला २२५ म्हणतात, म्हणजे ४५ पौंडाचा बार आणि दोन्ही बाजूंना ४५ च्या दोन-दोन प्लेटा, ते होतात १०२.०६ किलो. तशीच मांडणी किलोच्या सामानात केली की बरोबर १००. पोरं दोन्हीला "दोन-दोन प्लेटा" म्हणतात आणि वहीत १०० लिहितात. स्पर्धेत वजन किलोत मागायचं असतं, पॉवरलिफ्टिंगमध्ये २.५ किलोच्या पटीत. ज्यानं सरावात खरोखर १०२ उचललंय तो चिठ्ठीवर १०० लिहून येतो, आणि अडीच किलोवरून नंबर गेलेली पोरं मी पाहिलीत. त्या दोघांना बारसकट फक्त किलोचा सेट द्या. त्याला बाकी कुणी हात लावायचा नाही.

बार काट्यावर ठेवा, टोकाची जाडी व्हर्निअरनं मोजा आणि इथं लिहा.

मंगळवारपेठ_तालीम

मोजलं. मोठ्या बारचं वजन २० किलोच्या जवळ, टोकाला ५० मिलिमीटरला जरासं कमी. पुण्याच्या प्लेटांचं भोक ५१ च्या आसपास आहे. त्या या बारवर बसतात, थोड्या हलतात. शिवाय एक बारीक रॉड आहे, २८ मिमीचा. त्याच्यासाठी म्हणून आलेल्या लहान प्लेटा त्यावर चढतच नाहीत.

लोखंड_विजापूररोड

मोठा बार चांगला आहे, जपा. ऑलिंपिक वेटलिफ्टिंगच्या बारचं माप मिलिमीटरमध्येच ठरलेलं आहे. पुरुषांचा २० किलो, लांबी २.२ मीटर, पकड २८ मिमी, प्लेटा बसतात तो भाग ५० मिमी. महिलांचा १५ किलो, २.०१ मीटर, पकड २५ मिमी. आपल्याकडं सगळे "दोन इंची बार" म्हणतात, पण दोन इंच म्हणजे ५०.८ मिमी. भोक थोडं मोठं लागतंच, त्यामुळं दोन इंची भोकाची प्लेट ५० च्या बारवर चालते. क्लिप लावली की हलणं थांबेल.

बारीक रॉडचं वेगळं आहे. लहान प्लेटा एक इंची भोकाच्या असणार, म्हणजे २५.४ मिमी. २८ च्या रॉडवर त्या कशा चढतील? ठोकून चढवू नका, ओतीव लोखंडाला तडा जातो. त्या प्लेटांसाठी एक इंची रॉड वेगळा घ्या.

विणकर_अक्कलकोटरोड

बोल्टांचं मी सांगतो. आमचा यंत्रमागाचा कारखाना आहे, फिटरचं काम घरचेच करतो. आपल्या गावाला हा घोळ नवा नाही. सुताचा काउंट आजही पौंडावर चालतो, ८४० यार्डांच्या जेवढ्या लड्या एका पौंडात बसतील तेवढा काउंट. चादरीचं माप गिऱ्हाईक इंचात विचारतं आणि सूत किलोवर विकत घ्यायचं. एकाच छपराखाली सगळं नांदतं. कुठल्या कामाला कुठलं माप लावायचं हे प्रत्येक कामगाराला पक्कं ठाऊक असतं, म्हणून गडबड होत नाही.

बोल्ट घेताना नुसती जाडी बघू नका, आटे बघा. तीन सुताचा बोल्ट, म्हणजे ३/८ इंची, साडेनऊ मिमीचा असतो आणि एम १०, म्हणजे मिलिमीटरच्या मापाचा, १० चा. अडीच सुताचा, म्हणजे ५/१६ इंची, ७.९४ मिमी आणि एम ८ हा ८ मिमी. डोळ्याला काय फरक दिसणार? पण अमेरिकी पद्धतीच्या ५/१६ ला इंचामागे १८ आटे असतात, म्हणजे एका आट्याला १.४१ मिमी. साध्या एम ८ ला १.२५. नट दोन फेरे गोड फिरतो आणि मग अडकतो. तिथं पाना लावून जोर केला की आटे मेले. वरून घट्ट दिसतो, पण आत धरायला काही उरलेलं नसतं. मल्टिजिमवर अशा बोल्टाला पुली लटकते आणि पुलीखाली पोरगं बसतं. यात चालढकल करू नका.

एक शिल्लक बोल्ट काढून हार्डवेअरच्या दुकानात न्या. आट्यांचा गेज असला तर उत्तम. नसला तर माप माहीत असलेला नवा बोल्ट शेजारी आडवा धरा, आटे आट्यांत बसवा आणि उजेडासमोर बघा. कुठं फट दिसली तर माप वेगळं. पान्यांचंही तसंच. ३/४ इंची डोकं १९.०५ मिमी असतं, १९ चा पाना खुशाल लावा. १/२ इंचीला १३ चा पाना ढिला पडतो आणि कोपरे झिजवतो. ७/१६ ला ११ चा जात नाही आणि १२ चा फिरतो. इंची पान्यांचा एक संच तालमीत ठेवाच.

शटल_कट्टा

बॅडमिंटनवाल्यांची भर घालतो. शटलच्या डब्यावर ७६, ७७, ७८ असा वेगाचा आकडा असतो. तो आला ग्रेनवरून, पौंडाच्याच घराण्यातलं एकदम लहान वजन. एक ग्रेन ०.०६४८ ग्रॅम. ७७ ग्रेन म्हणजे ४.९९ ग्रॅम. नियमात शटलचं वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम दिलंय, ते ७३ ते ८५ ग्रेन होतं.

सोलापुरात हा आकडा महत्त्वाचा आहे. आपण साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर, आणि एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो. हवा गरम आणि विरळ झाली की शटल लांब जातं. हिवाळ्यात ७७ बरोबर पडतं, त्याच हॉलमध्ये उन्हाळ्यात त्याहून हलकं, ७६ किंवा ७५ लागतं. दुकानदार वर्षभर एकच डबा देतो आणि पोरांना वाटतं आपला फटका सुधारला. खात्री करायची तर नियमातली चाचणी आहे. मागच्या रेषेवरून खालून वर पूर्ण ताकदीचा फटका मारायचा. शटल समोरच्या मागच्या रेषेच्या आत ५३० ते ९९० मिमीच्या पट्ट्यात पडलं तर वेग योग्य. सकाळी रिकामा हॉल मिळाला की करून बघा.

रॅकेटच्या तारांचा ताण सगळे पौंडातच सांगतात. २४ पौंड म्हणजे १०.९ किलो. मशिनवर किलो असलं तर तार ओढणाऱ्याला दोन्ही आकडे सांगा.

सातरस्ता_फिजिओ

ट्रेडमिलबद्दल मला फार कळकळीनं लिहायचंय. माझ्याकडे गुडघ्याचे आणि हृदयाच्या आजारानंतर चालायला लागलेले पेशंट येतात. त्यांना "पाचच्या वेगानं चाला" असं सांगितलेलं असतं, म्हणजे तासाला ५ किलोमीटर. मशिन मैलात लावलेलं असेल तर त्याच ५ चे ८ किलोमीटर होतात. साठीच्या माणसाला ते चालणं राहत नाही, पळावं लागतं. पट्टा मागं ओढतो, हात सुटतो आणि माणूस पडतो.

दादा, तुमच्या मशिनचं असं तपासा. मशिन बंद असताना पट्ट्याची पूर्ण लांबी टेपनं मोजा, एक पूर्ण वेढा. पट्ट्यावर खडूनं ठळक खूण करा. मशिनवर कुणी उभं राहू नका, वेग ५ वर ठेवा आणि एका मिनिटात खूण किती वेळा समोर येते ते मोजा. समजा पट्टा ३ मीटरचा आहे. २८ च्या आसपास फेरे झाले तर मिनिटाला ८४ मीटर, म्हणजे तासाला ५ किलोमीटर. ४५ च्या आसपास झाले तर मशिन मैलांत आहे. बहुतेक मशिनमध्ये हे बदलायची सोय सेटिंगमध्ये असते. नसेल तर ऑइल पेंटनं मोठ्या अक्षरांत "मैल" लिहा, म्हाताऱ्या माणसालाही लांबून दिसेल असं.

मंगळवारपेठ_तालीम

ताई, आताच करून बघितलं. मैलच आहे. गल्लीतले दोन काका रोज सकाळी यायचं म्हणत होते, त्यांना थांबवलंय. सेटिंग बदलून मगच.

किलो_म्हणजे_किलो

मला एक कळत नाही, आपण हे पौंड ठेवायचेच कशाला? १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजनं टप्प्याटप्प्यानं आली. शेर, मण, तोळा सोडून सगळा देश किलोवर आला. बाजारातल्या बायाबापड्यांनी ते शिकून घेतलं. २००९ च्या वैध मापन कायद्यानं विक्रीला मेट्रिक मापच लागतं. मग जिममध्ये परत पौंड का? सगळ्या प्लेटांवरचे जुने आकडे घासून काढा आणि किलोत रंगवा. ४५ चं २०, ३५ चं १६, २५ चं ११, १० चं ४.५.

लोखंड_विजापूररोड

किलोत रंगवा हे मान्य. ४५ चं २० करणं मान्य नाही. तीच चूक पुन्हा पक्क्या रंगात होईल. आणि ठसा घासू नका. पुढं कुणी प्लेट विकत घेईल, बदलून देईल, त्याला मूळ वजन कळायला हवं. ओतीव प्लेटेत ठशापेक्षा वजन कमी-जास्त असतंच. प्रत्येक प्लेट काट्यावर तोला आणि जे भरेल ते लिहा. २०.४ आलं तर २०.४, २०.७ आलं तर २०.७. मग जवळच्या वजनाच्या प्लेटांच्या जोड्या लावून त्यांना एकच खूण द्या.

जुना_धावपटू

वरच्या वादात थोडं वेगळं सांगतो. मी अनेक वर्षं शाळांच्या मैदानी स्पर्धांना चुन्यानं मैदान आखतो. ११० मीटर हर्डल्सची मापं बघा. पहिला अडथळा १३.७२ मीटरवर, पुढं प्रत्येक ९.१४ वर, शेवटून अंतिम रेषा १४.०२ वर, आणि उंची १.०६७ मीटर. नवीन शिक्षक विचारतात, एवढे वाकडे आकडे कुणी ठरवले? ते यार्डात वाचा. १५ यार्ड, १० यार्ड, आणि उंची साडेतीन फूट. शर्यत मुळात १२० यार्डांची, ती १०९.७३ मीटर होते. ११० केली आणि वाढलेलं अंतर शेवटच्या टप्प्यात टाकलं. म्हणून तिथं १४.०२. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा का? कारण तो १६ पौंडांचा. महिलांचा मात्र थेट ४ किलो.

आकडा ज्या मापात सरळ येतो, वस्तू त्याच मापात जन्मली. आखायला लागण्याआधी मी हे शोधतो, कारण सरळ आकडा टेपवर चुकत नाही. १३.७२ आखताना पोरगं १३.२७ आखू शकतं. १५ यार्ड म्हणजे ४५ फूट, ते फुटी टेपवर बरोबर सापडतं. टेप दोन्ही बाजूंनी छापलेला असला तर दोन्हीकडून ताडून बघायचं.

मिल्खा सिंग यांचं कार्डिफच्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं सुवर्णपदक १९५८ चं. ती शर्यत ४४० यार्डांची होती, म्हणजे ४०२.३४ मीटर. वेळ ४६.६ सेकंद. दोन वर्षांनी रोम ऑलिंपिकला ते ४०० मीटर धावले, ४५.७३. आजची पोरं दोन्ही वेळा शेजारी ठेवून "एवढा फरक?" म्हणतात. कार्डिफला ते सव्वादोन मीटरहून जास्त धावले होते, त्या वेगात पाव सेकंद त्यातच जातो. राष्ट्रकुल स्पर्धा १९७० पासून मीटरवर आल्या. १९५८ चा आकडा कुणी घासून ४०० केला असता तर त्या माणसाच्या धावेवर अन्याय झाला असता. म्हणून मलाही वाटतं, ठसा राहू द्या.

किलो_म्हणजे_किलो

काका, पटलं. ठसा राहू द्या. पण रोज वापरायचा आकडा किलोत आणि मोठा हवा, यावर मी ठाम आहे. नवशिक्या पोराला ठसा वाचायला वेळ नसतो.

पार्कमैदान_पंच

क्रिकेटचं राहिलं. खेळपट्टी २२ यार्ड, २०.१२ मीटर. पार्क मैदानाकडं टेनिस बॉलच्या स्पर्धांत सर्रास २० मीटर मोजतात. बारा सेंटिमीटर कमी. वेगवान गोलंदाजाचा टप्पा तेवढ्यानं बदलतो. ज्यांना जमिनीचा व्यवहार कळतो त्यांना मी सोपं सांगतो. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट. खेळपट्टी ६६ फूट, म्हणजे गुंठ्याच्या दोन बाजू सलग. शेतकऱ्याच्या पोराला हे एकदा सांगितलं की परत विचारत नाही.

यष्टी २८ इंच उंच, तिन्ही मिळून ९ इंच रुंद. चेंडू साडेपाच ते पावणेसहा औंस, म्हणजे १५५.९ ते १६३ ग्रॅम. बॅट ३८ इंचांहून लांब नको आणि सव्वाचार इंचांहून रुंद नको. हे सगळे जुने आकडे इंचात सरळ आहेत. २०१७ च्या नियमांत बॅटच्या कडेची आणि जाडीची मर्यादा आली, ती मात्र ४० आणि ६७ मिलिमीटर. धावपटू काका म्हणतात ते इथंही दिसतं. नवा नियम मीटरच्या जमान्यातला, त्याचा आकडा मिलिमीटरमध्ये सरळ.

बॅट घेताना स्टिकरवर २ पौंड ८ औंस असलं तर ते १,१३४ ग्रॅम. पुढच्या प्रत्येक औंसाला २८ ग्रॅम धरा.

मधला_मार्ग

बास्केटबॉलची रिंग ३.०५ मीटर, म्हणजे १० फूट. टेबल टेनिसचं टेबल २.७४ बाय १.५२५, म्हणजे ९ बाय ५ फूट. फुटबॉलचा गोल ७.३२ बाय २.४४, म्हणजे ८ यार्ड बाय ८ फूट. आपली कबड्डी १३ बाय १०, सरळ मीटर.

पंक्चर_ते_पॅरिस

सायकलवाल्यांसाठी एकच. "२६ चा टायर द्या" म्हणून दुकानात जाऊ नका. २६ × १ ३/८ लिहिलेला टायर ५९० मिमीच्या रिमला बसतो आणि २६ × १.९५ लिहिलेला ५५९ च्या. दोन्ही २६ च, पण एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. उलट रोड बाइकचा ७०० सी आणि एमटीबीचा, म्हणजे डोंगरी सायकलचा, २९ इंची, नावं वेगळी, पण रिम दोन्हींची ६२२. टायरच्या बाजूला ५५९, ५९०, ६२२ यांपैकी कोरलेला आकडा शोधा आणि तोच सांगा. पेडल मात्र कुठल्याही चांगल्या सायकलचं ९/१६ इंची आट्यांचं असतं, बाकी सगळी सायकल मिलिमीटरमध्ये असली तरी.

मंगळवारपेठ_तालीम

सगळ्यांचे मनापासून आभार. पोरांना बसवून धागा वाचून दाखवला. ठरलं ते असं. पौंडाच्या सगळ्या प्लेटांना पिवळा पट्टा, किलोच्या काळ्याच. ठसा जागेवर. दोन्हींवर तोलून आलेलं वजन पांढऱ्या रंगात, किलोत, एका दशांशापर्यंत. स्पर्धेच्या दोघांचा सेट वेगळ्या कोपऱ्यात. बोल्ट विणकर अण्णांकडे घेऊन येतो, चालेल ना अण्णा? एक शंका उरली. तोलायला आमच्याकडं साधा काटा आहे, तो खरा किती?

विणकर_अक्कलकोटरोड

या की. सकाळी दहाच्या आत या, त्यानंतर माग सुरू झाले की बोलणं ऐकू येत नाही. जुना बोल्ट आणि त्याचा नट दोन्ही आणा.

मार्केटयार्ड_कांदा

काट्याचं मी बघतो. आमच्या गाळ्यावर २० किलो आणि १० किलोची लोखंडी वजनं आहेत, वैध मापन विभागाचा शिक्का असलेली. ती तुमच्या काट्यावर एक-एक करून आणि मग दोन्ही मिळून ठेवा. २०, १०, ३० दाखवलं तर काटा चांगला. २० ला बरोबर आणि ३० ला चुकीचा दाखवत असेल तर मोठ्या प्लेटा आमच्या काट्यावर तोला. लिलाव नसेल त्या दिवशी दुपारी या, टेम्पो दारापर्यंत येतो. येताना पांढरा रंग आणि ब्रश घेऊन या, तोलली की लगेच तिथंच आकडा लिहू.